न दाखवलेला बाण

एकट्यानंच जंगलात जायचं, धनुष्यबाणानं शिकार करायची आणि ती सगळी आपणच कॅमेऱ्यात टिपायची, हा प्रकार अमेरिकेत आता चांगलाच रुजला आहे. यूट्यूबवर असे व्हिडिओ शोधायला गेलात तर संपत नाहीत. हॉस्टेलमध्ये रात्री कुणी ना कुणी ते बघत असतंच, मीही बघतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, त्यामुळे यातलं काही आपण करून बघणार नाही आणि बघूही नये. मग साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल.

कारण असं, की हा प्रश्न मला शिकारीइतकाच गोष्ट सांगण्याचा वाटतो. धनुष्य ओढणारा तोच, कॅमेरा लावणारा तोच आणि घरी येऊन काय ठेवायचं, काय कापायचं हे ठरवणाराही तोच. आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश, तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस. अशा माणसाकडून आपण खरेपणाची अपेक्षा किती आणि कशी करायची?

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्यानं एकट्यानं शिकार करून ती जगाला दाखवायचं ठरवलं, त्यानं चुकलेला बाण कापू नये. जनावर जखमी होऊन निसटलं असेल तर तेही दाखवावं. तेवढी तयारी नसेल तर कॅमेरा घरी ठेवावा.

हे म्हणणं पटवायचं तर आधी थोडा इतिहास सांगावा लागेल.

अमेरिकेतल्या आजच्या धनुष्य-शिकारीची गोष्ट बहुतेक जण इशी नावाच्या माणसापासून सुरू करतात. याही या आदिवासी समाजातला हा शेवटचा माणूस. १९११ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात उपाशी, एकटा सापडला. त्याचे लोक गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हल्ल्यांत आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांत संपून गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याची राहायची सोय झाली. तिथं सॅक्स्टन पोप नावाचे सर्जन आधी त्याचे डॉक्टर आणि मग मित्र झाले. धनुष्य कसं घडवायचं, जनावराच्या जवळ कसं जायचं, हे पोप त्याच्याकडून शिकले. १९१६ मध्ये इशी क्षयानं गेला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्य-शिकारीवर पुस्तक लिहिलं. त्यांचे जोडीदार आर्ट यंग अलास्कात गेले, तिथल्या मोहिमेचा मूकपट निघाला आणि तो डेट्रॉइटमध्ये फ्रेड बेअर नावाच्या तरुणानं पाहिला. पुढं याच बेअर यांनी धनुष्यांचा मोठा कारखाना काढला आणि स्वतःच्या शिकारीचे चित्रपट लोकांना दाखवले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यानं धनुष्यानं हरीण मारण्यासाठी वेगळा हंगाम ठेवला आणि मग एकेक राज्य त्या वाटेनं गेलं.

म्हणजे धनुष्य आणि कॅमेरा ही जोडी जवळजवळ शंभर वर्षांची आहे. पण तेव्हा कॅमेऱ्यामागं दुसरा माणूस असायचा. यंग यांच्यामागं होता, बेअर यांच्यामागंही असायचा. नंतर दोन गोष्टी बदलल्या. मिसूरी राज्यातल्या होलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. त्यातल्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम हलका होतो, त्यामुळे नेम धरून थांबणं सोपं झालं. आणि दुसरं म्हणजे कॅमेरा लहान होत गेला. आधी खांद्यावरचा, मग हातातला, आणि २०१० च्या आसपास काडेपेटीहून थोडा मोठा, पाण्यापावसात चालणारा. दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही.

दुसरा माणूस गेला, आणि त्याच्याबरोबर साक्षीदारही गेला. कॅमेरामन सोबत असला की बाण कुठं लागला हे दोघांना माहीत असतं. संध्याकाळी जेवताना एकानं थाप मारली तर दुसरा भुवई वर करतो. मेमरी कार्ड भुवई वर करत नाही. सांगाल तेवढंच ते दाखवतं.

आता एकट्याचं काम प्रत्यक्षात कसं चालतं तेही बघा, कारण आपल्याला वाटतं तितकं ते सोपं नाही. पहाटेच्या अंधारात तो माणूस झाडावर चढतो. जमिनीपासून पाच-सहा मीटरवर छोटं लोखंडी मचाण बांधलेलं असतं. अंगाला सुरक्षापट्टा हवाच. तिकडं शिकाऱ्यांना होणाऱ्या मोठ्या इजांमध्ये मचाणावरून पडण्याचं प्रमाण फार मोठं आहे, आणि एकटा माणूस पडला तर उचलायलाही कुणी नसतं. धनुष्य आणि पिशवी तो दोरीनं वर ओढून घेतो. मग बुंध्याला एक आडवा दांडा आवळतो. त्याला दोन-तीन सांधे असतात आणि टोकाला मुख्य कॅमेरा. दुसरा छोटा कॅमेरा मागं किंवा डोक्यावर, स्वतःचा चेहरा आणि हात टिपायला. फोकस हातानं लावून ठेवायचा, कारण आपोआप फोकस करणारा कॅमेरा हरीण सोडून समोरच्या फांदीवर जाऊन बसतो.

मग तासन् तास गप्प. आणि हरीण येतं तेव्हा एकदम सगळी कामं एकाच वेळी. कॅमेरा चालू करायचा, दांडा सावकाश फिरवून जनावर चौकटीत घ्यायचं, ते पुढं जिथं येईल तिथं कॅमेरा नेऊन सोडायचा, धनुष्य उचलायचं, दोरी ओढायची, नेम धरायचा. पांढऱ्या शेपटीचं अमेरिकन हरीण म्हणजे नुसते कान आणि डोळे. झाडावरची एक जादा हालचाल त्याला पुरते. नुसत्या शिकाऱ्याला जिथं एक हालचाल करायची, तिथं या माणसाला पाच करायच्या. म्हणून हे व्हिडिओ बनवणारे सांगतात, की कॅमेऱ्यामुळे कितीतरी हरणं हातची जातात. हे खरं असणार. हरणाच्या बाजूनं पाहिलं तर त्यात वाईटही काही नाही.

यातलं कसब मी नाकारत नाही. उलट एका बाबतीत हा कॅमेरा त्या माणसाला जास्त जबाबदार करतो, आणि ते आधी नीट सांगायला हवं.

बाणानं जनावर बंदुकीच्या गोळीसारखं जागेवर कोसळत नाही. बाणाच्या टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात. ती फुप्फुसातून किंवा हृदयातून गेली तर रक्तस्राव होतो आणि हरीण शंभरएक मीटर धावून काही सेकंदांत पडतं. पण तोच बाण थोडा मागं, पोटात लागला तर मरण यायला अनेक तास जातात. आणि तो मागं लागायला फार कारण लागत नाही. हिशेब बघा. चांगल्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर जातो. हरीण वीस मीटरवर असेल तर बाण पोचायला जवळजवळ पाव सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र त्याच्या चौथ्या हिश्श्यात हरणाच्या कानात पोचलेला असतो. उडी घेण्यासाठी हरीण आधी अंग खाली दाबतं, आणि बाण जिथं लागायचा तिथं लागत नाही. यात शिकाऱ्याचा हात थरथरलाच असं नाही. नेम बरोबर होता, हरीण तिथं नव्हतं.

बाण सुटल्यावर त्या माणसाचं काळीज इतकं धडधडत असतं की काय पाहिलं हे त्याला धड सांगता येत नाही. खांद्यामागं लागला असं वाटतं, कारण तसं वाटायला हवं असतं. इथं कॅमेरा कामाला येतो. मचाणावर बसल्या बसल्या तो माणूस चित्रण मागं नेतो, हळू करून बघतो आणि बाण नक्की कुठं लागला ते त्याला दिसतं. म्हणून तर पुष्कळ जण बाणाच्या शेपटीला छोटा लाल किंवा हिरवा दिवा बसवतात. फुप्फुसात लागला असेल तर अर्ध्या तासानं माग काढायला उतरायचं. यकृतात असेल तर चार-सहा तास थांबायचं. पोटात असेल तर आठ ते बारा तास. घाई केली तर जखमी हरीण बसल्या जागेवरून उठतं, कोसभर जातं आणि मग कुणालाच सापडत नाही. बाणावरचं रक्तही सांगतं: फेसाळ, चमकदार लाल असेल तर फुप्फुस, काळपट असेल तर यकृत, हिरवट घाण आणि वास असेल तर पोट. पण चित्रण त्याआधी सांगतं, आणि शिकाऱ्याच्या मनापेक्षा खरं सांगतं.

या कामासाठी कॅमेरा असेल तर माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. अशा वेळी तो त्या माणसाचा दुसरा माणूस होतो. थांब म्हणतो.

अंधाराचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत हरणावर बाण सोडायला परवानगी असते. पण कॅमेऱ्याला माणसाच्या डोळ्याएवढं अंधुकात दिसत नाही. नियम पाळणारा चित्रणकार, कॅमेऱ्याला दिसेनासं झालं की धनुष्य खाली ठेवतो. मोठ्या शिंगांचा नर समोर उभा असला तरी. ती शेवटची दहा-पंधरा मिनिटं हरणाला फुकट मिळतात, आणि संशयाच्या उजेडात सुटणारा एक बाण भात्यातच राहतो.

आता दुसरी बाजू. तोच कॅमेरा त्याच माणसाच्या कानात उलटही सांगतो. हरीण अगदी योग्य जागी उभं आहे, पण चौकटीत नाही. मग कॅमेरा सरकवायचा, तोवर हरीण वळतं आणि तिरकं उभं राहतं. आता बाण सोडू नये. पण चौकट तर सुंदर जमलीय, उजेड सोनेरी पडलाय, दोन महिने थंडीत काढलेत आणि चॅनेलवर पंधरा दिवसांत काही टाकलेलं नाही. अशा वेळी बाण कुणी सोडला? माणसानं की बघणाऱ्यांच्या आकड्यानं? झाडावर तो एकटाच आहे असं आपण म्हणतो खरं, पण कॅमेरा लावल्याबरोबर तिथं गर्दी जमलेली असते. ती गर्दी चूक झाली तर माग काढायला येणार नाही.

पोप आणि यंग यांच्या नावानं १९६१ मध्ये स्थापन झालेला एक क्लब तिकडं धनुष्य-शिकारीच्या नोंदी ठेवतो. धनुष्याला किंवा बाणाला विजेवर चालणारी वस्तू लावलेली असली तर त्या शिकारीची नोंद तो पूर्वी घेत नसे. पुढं त्यानं बाणाचा दिवा आणि चित्रणाचा कॅमेरा यांना सूट दिली; अट एवढीच, की त्यांची नेम धरायला मदत होता कामा नये. अट रास्त आहे. पण मला तिची उलटी बाजूही लिहून हवी: कॅमेऱ्यानं बाण सोडायला भाग पाडता कामा नये. बाण न सोडायचं कारण कॅमेरा होऊ शकतो. सोडायचं कारण मात्र त्यानं कधीही होऊ नये.

अशी अट कुठला क्लब घालणार आणि कोण तपासणार? झाडावर दुसरं कुणी नाही. म्हणूनच मी म्हणतो, की सगळा प्रश्न शेवटी संकलनाच्या टेबलावर येतो.

जे व्हिडिओ आपण बघतो त्यात काय असतं? धुकं, पक्ष्यांचे आवाज, कुजबुजलेली दोन वाक्यं, हरणाचं येणं, दोरी ओढलेली, बाणाचा लाल ठिपका, हरणाची धाव, मग थरथरत्या आवाजातला आनंद आणि शेवटी शिंगं धरून काढलेला फोटो. दोरी ओढतानाचा चेहरा पुष्कळदा नंतर पुन्हा बसून घेतलेला असतो. ते मी सोडून देतो, सिनेमात चालतंच. पण असे दहा व्हिडिओ ओळीनं बघितले की मनात एक गणित तयार होतं: बाण सुटला की हरीण पडतं.

खरं गणित तसं नाही. मेरीलँड राज्यातल्या एका नौदल तळावर अनेक वर्षं धनुष्य-शिकारीची काटेकोर नोंद ठेवली गेली. आधुनिक धनुष्यं, परीक्षा देऊन आलेले शिकारी, आणि प्रत्येक बाणाचा हिशेब द्यायचं बंधन. ९०८ हरणांना बाण लागला. त्यातली १६२ सापडलीच नाहीत. म्हणजे शंभरातली अठरा. ती सगळी मेली असं नाही. काही बरीही झाली असतील. पण बाण लागलेल्या दर पाच-सहा हरणांमागं एक हरीण बाणाची जखम घेऊन झाडीत गेलं. आता यूट्यूबवरचे दहा व्हिडिओ आठवा. ते एक हरीण कुठं आहे?

ते कापलं गेलं. आणि कापण्यानं काय होतं? पहिल्यांदा धनुष्य घेणारा अठरा वर्षांचा मुलगा हेच व्हिडिओ बघून शिकतो. त्याला वाटतं चाळीस मीटरवरून बाण सोडणं सहज जमतं, कारण न जमलेलं त्यानं कधी पाहिलेलंच नसतं. बाण पोटात लागला तर बारा तास थांबायचं असतं हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं, कारण बारा तास वाट पाहण्याचं चित्रण कोण बघणार? मग तो अर्ध्या तासात झाडावरून उतरतो. पुढचं हरीण त्या कापलेल्या हरणामुळे मरतं, आणि वाईट मरतं.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे असं मात्र समजू नका. खानापूर-जांबोटीकडच्या कुठल्याही जुन्या घरात आजोबांच्या पिढीतल्या शिकारीच्या गप्पा ऐका. रानडुक्कर अंगावर येतं, नळी रोखली जाते, एका बारात आडवं. न लागलेला बार गप्पांत येत नाही. जखमी होऊन ओढ्यात शिरलेलं डुक्कर गप्पांत येत नाही. शिकारीची गोष्ट जगभर अशीच सांगतात. कॅमेरा आला तेव्हा वाटलं होतं, आता थापा संपल्या. संपल्या नाहीत. उलट थापेला पुरावा मिळाला. आजोबांच्या गोष्टीवर नातवंडं हसून म्हणायची, पुरे हो आबा! व्हिडिओला तसं म्हणता येत नाही, कारण जे दिसतं ते खरंच घडलेलं असतं. फक्त सगळं घडलेलं दिसत नसतं.

एकट्यानं केलेल्या, साक्षीदार नसलेल्या शिकारीची एक गोष्ट मात्र आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. शरयूचा काठ, पावसाळ्यातली रात्र, तरुण दशरथ. पाण्यात काहीतरी बुडबुडतंय, हत्ती पाणी पितोय असं समजून तो नुसत्या आवाजावर बाण सोडतो, आणि बाण लागतो आंधळ्या आईबापांसाठी घडा भरणाऱ्या मुलाला. आपण त्याला श्रावण म्हणतो. या गोष्टीतला शाप सगळ्यांना आठवतो. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. तिथं कोणी पाहणारं नव्हतं. आईबाप आंधळे होते. अंधारात बाण कुणाचा हे कधी कळलंही नसतं. दशरथ घडा भरून घेऊन त्यांच्याकडे गेला आणि काय झालं ते त्यानं स्वतः सांगितलं. वाल्मीकींच्या रामायणात तर ही हकीकत आपल्याला कळते तीही दशरथाच्याच तोंडून. राम वनात गेल्यावर, मरणाच्या दारात असताना, तो ती कौसल्येला सांगतो. आणि त्या म्हाताऱ्या बापाचं म्हणणंही असंच आहे, की तू आपणहून येऊन सांगितलं नसतंस तर तुझी गत याहून वाईट झाली असती.

शब्दवेधी बाण मारता येतो ही दशरथाची फुशारकी होती, आजच्या भाषेत त्याची खासियत. लागलेले शब्दवेधी बाण त्यानं किती मारले असतील कोण जाणे. ते कुणाला आठवत नाहीत. चुकलेला एक त्यानं सांगितला, आणि तेवढाच उरला. अंधारात न दिसणाऱ्या लक्ष्यावर बाण सोडू नये, हा शिकारीतला पहिला नियम हजारो वर्षं पोराटोरांना त्या एका सांगण्यामुळे कळतो. लागलेल्या बाणांचे शंभर किस्से ते काम करू शकले नसते.

माझ्या म्हणण्यावर दोन-तीन आक्षेप येतील, आणि ते वाजवी आहेत.

पहिला आक्षेप शिकाऱ्यांचा. जखमी हरणाचं चित्र दाखवलं की शिकारविरोधकांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. शिवाय यूट्यूबही असे व्हिडिओ मागं टाकेल. खरं आहे. पण जे दाखवल्यावर बचाव करता येत नाही, ते लपवून किती दिवस बचाव करणार? अमेरिकेत शिकारीच्या सामानावरचा कर वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवर तो सुरू झाला, पुढं धनुष्यबाणही त्यात आले, आणि धनुष्यांवर आज तो अकरा टक्के आहे. आम्ही जंगल राखतो, असं तिकडचे शिकारी अभिमानानं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. मग राखणाऱ्यानं हिशेब पूर्ण द्यावा. जमेची बाजू दाखवून खर्चाचं पान फाडलेली वही आपल्या मंडळाचा खजिनदारसुद्धा मांडू शकत नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूचा. मौजेसाठी जीव घेणंच चूक आहे, तर त्याचा व्हिडिओ खरा की खोटा याला काय अर्थ? हा आक्षेप मला जास्त जड वाटतो. मी शिकारीचा वकील नाही. पण मी मटण खातो, आणि दुकानाच्या मागच्या बाजूला काय होतं ते बघायला कधी गेलेलो नाही. तिकडच्या शिकाऱ्यांपैकी बरेच जण मारलेलं हरीण घरी नेऊन वर्षभर खातात. मरण डोळ्यांनी बघून खाणाऱ्याला मी, न बघता खाणारा, एकदम खालच्या पायरीवर उभा करू शकत नाही. शिकार असावी की नसावी हा वाद चालू राहील. तो वाद खऱ्या माहितीवर चालावा एवढंच माझं मागणं आहे, आणि खरी माहिती झाडावरच्या त्या एका माणसाकडेच आहे.

तिसरा आक्षेप असा, की धनुष्य सोडून नुसता कॅमेराच न्यावा ना! एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनअधिकाऱ्यानं १९२० च्या दशकात आपल्याच देशात वाघाच्या वाटेवर तार लावून रात्री त्याचे फोटो काढले. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं. मला स्वतःला हीच वाट आवडते. पण गंमत अशी, की तिथंही नियम तोच लागतो. वाघ दिसला तो दिवस लिहायचा आणि नुसते डास चावले ते आठ दिवस गाळायचे, असं केलं तर वाचणाऱ्याला जंगल कळत नाही. एकट्यानं पाहिलेलं सांगणारा प्रत्येक जण याच कसोटीला लागतो, हातात धनुष्य असो, कॅमेरा असो की वही.

आणि आता आपल्याबद्दल थोडं. आपण कुणी मचाणावर बसत नाही. पण खोलीचं दार लावून, मोबाइल पुस्तकांना टेकवून, स्वतःच स्वतःचं चित्रण करणारे आपल्या कॉलेजात कमी नाहीत. कुणी गाण्याचं, कुणी व्यायामाचं, कुणी दिवसातून दहा तास अभ्यास केल्याचं. तिथंही कॅमेरा धरणारे आपण, कापणारेही आपणच. तुमचा सूर लागला तो बाविसावा प्रयत्न होता हे लपवल्यानं कुणाचा जीव जात नाही. पण पहिल्या वर्षाची एखादी मुलगी ते ऐकून, आपला पहिलाच प्रयत्न फसला म्हणून पेटी कायमची बंद करते. तिला आपण चुकीचं गणित शिकवलेलं असतं. झाडावरच्या माणसाची जबाबदारी आपल्यापेक्षा कितीतरी पट मोठी आहे, कारण त्याच्या कात्रीच्या दुसऱ्या टोकाला जिवंत प्राणी आहे. म्हणून त्याच्याकडून मागणं मोठं, आपल्याकडून छोटं. पण जात तीच.

असे प्रामाणिक व्हिडिओ मुळीच नसतात असं नाही. काही जण दाखवतात. बाण मागं लागला, हे पडद्यावर थांबवून सांगतात. रात्रभर थांबतात, सकाळी गुडघ्यांवर बसून वाळलेल्या पानांवर रक्ताचा एकेक थेंब शोधतात. कधी हरीण सापडतं. कधी दोन दिवस शोधूनही सापडत नाही, आणि तो माणूस कॅमेऱ्यासमोर बसून तेवढंच सांगतो. संगीत नाही, शिंगांचा फोटो नाही. अशा व्हिडिओखाली शिव्या पडतात. पण त्याच शिव्यांच्या मधे एखादा नवशिका विचारतो, की दादा, पोटात लागलाय हे नक्की कशावरून ओळखायचं? आणि त्याला उत्तर मिळतं.

त्या उत्तरामुळे पुढच्या हंगामात कुठंतरी एक माणूस घाई न करता मचाणावरच बसून राहील. त्यासाठी मला तो न कापलेला व्हिडिओ हवा आहे.